भाऊजींचे अडकित्ते विमानतळावर

सुपारीचं एक खांडही कधी तोंडात न टाकता अख्खं आयुष्य सुपारीपायी घालवलेला माणूस या पृथ्वीवर एकच होऊन गेला, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीच्या वाट्याला आला. आमचे भाऊजी. ठाण्याला खोपटला, एस.टी. डेपोच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांत राहायचे आणि एका रंगाच्या कारखान्यात स्टोअरकीपर होते. पान नाही, तंबाखू नाही, चहासुद्धा अर्धाच कप. पण अडकित्ता दिसला की या माणसाचं भान सुटायचं. लोकांच्या शोकेसमध्ये बाहुल्या असतात, शिंपल्यांचा ताजमहाल असतो, मुलाला शाळेत मिळालेला कप असतो. माझ्या ताईच्या शोकेसमध्ये अडतीस अडकित्ते होते. पोपटाचे, मोराचे, घोड्याचे, दांड्यांना घुंगरू लावलेले, एक तर पाठीला पाठ लावून उभ्या असलेल्या नवरा-बायकोचा. पाहुण्यांना तो दाखवताना ताई म्हणायची, "आणि हा आमच्या दोघांचा फोटो." भाऊजी तेवढ्यापुरते हसायचे आणि लगेच खिशातून फडकं काढून त्या नवऱ्याचं नाक पुसायचे.

अडकित्ते नुसते जमवून ठेवणाऱ्यातले ते नव्हते, एवढं कबूल केलं पाहिजे. प्रत्येकाला धार, प्रत्येकाच्या खिळीत खोबरेल तेलाचा एक थेंब, आणि महिन्यातून एकदा प्रत्येकाच्या वाट्याला एक सुपारी. "नाहीतर त्यांना वाटेल आपल्याला पेन्शनीत काढलंय," असं मला अगदी गंभीरपणे म्हणाले होते. रोठा सुपारी हातात घेऊन ते खुर्चीत बसले की घरात बोलायची सोय नसे. अशी पातळ कातरायचे की तो पापुद्रा वर्तमानपत्रावर ठेवला तर खालची अक्षरं वाचता यावीत. थापा मारत नाही मी, स्वतः वाचलीत. 'मुलगा गोरा, उंच, हरवला आहे' अशी जाहिरात होती. आणि ही एवढी कातरलेली सुपारी खायची कोणी? तर बिल्डिंगमधल्या समस्त म्हाताऱ्या मंडळींनी. दर महिन्याला भाऊजी डबे घेऊन तीन मजले फिरायचे. तळमजल्यावरच्या आजोबांनी एकदा विचारलंही, "अहो, तुम्ही स्वतः कधी खाऊन तरी बघा!" तर म्हणाले, "छे छे. शौक माझा, दात तुमचे."

अडकित्त्यापायी त्यांनी काय काय केलं ते सांगायला बसले तर इथेच संध्याकाळ होईल. एकदा सकाळी कारखान्यात जायला निघाले आणि डेपोसमोर मुरबाडच्या गाडीत खिडकीशी एक म्हातारी बसलेली दिसली. तिच्या हातात पितळी अडकित्ता, हंसाच्या मानेसारखा वाकलेला. भाऊजी त्या गाडीत चढले. कंडक्टरने "कुठलं देऊ?" विचारलं तर म्हणाले, "या बाई उतरतील तिथलं." कंडक्टरने त्यांच्याकडे जे काही बघितलं असेल ते असेल! संध्याकाळी घरी आले ते हंस घेऊनच. बदल्यात बाजारातला नवा कोरा अडकित्ता आणि किलोभर सुपारी त्या म्हातारीला देऊन, तिच्या अंगणात तिचे दोन विळे आणि एक मोरळी यांना धार लावून आले होते. दुसऱ्या दिवशी साहेबांना रजेचं कारण काय दिलं, ते ताईनेही शेवटपर्यंत विचारलं नाही. बोहारणीची गोष्ट तर आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. बाकी जग बोहारणीला जुने कपडे देऊन भांडी घेतं. भाऊजींनी तिच्या टोपलीच्या तळाशी एक गंजका अडकित्ता बघितला आणि नुकताच शिवून आलेला, एकदाही अंगाला न लागलेला सफारी सूट तिला देऊन टाकला. ताई बाजारातून येते तो बोहारीण जिन्यात, खांद्यावर सूट, आणि आपलं नशीब उघडल्याच्या आनंदात ताईलाच म्हणते, "बाई, कुणीतरी खुळा मालक भेटला आज!" ताई म्हणाली, "तो माझाच आहे."

फक्त कळव्याच्या एका कोळणीपुढे त्यांचं काही चाललं नाही. तिच्या कमरेला अडकित्ता खोचलेला असे. भाऊजी तीन आठवडे रोज तिच्याकडे मासळी घ्यायला जात होते. ताई कंटाळून गेली, घरात रोज कालवण. चौथ्या आठवड्यात कुठे त्यांनी मनातलं बोलून दाखवलं, तर ती टोपलीवरून हात न उचलता म्हणाली, "मावरं घ्यायचं तं घे दादा, नाय तं वाट धर. माज्या सासूचा हाय तो. माज्या सुनेला देईन." भाऊजी घरी आले आणि ताईला म्हणाले, "बरोबर आहे तिचं." मग मात्र मासळी बंद झाली.

आता मुख्य गोष्टीकडे येते. ताई गेली तेव्हा त्यांची एकुलती एक मुलगी मंजू कॉलेजात होती. त्यानंतर भाऊजींनी एकही नवा अडकित्ता आणला नाही. रविवारी त्या अडतीसांना तेल घालायचे आणि पुन्हा शोकेस बंद करायचे, बास. मंजू शिकली, दिल्लीला नोकरीला लागली, आणि तिथेच एका मराठी घरातल्या मुलाशी तिचं जमलं. माणसं चांगली होती. साखरपुडा दिवाळीनंतर ठरला होता, पण मुलाला कंपनीने एकाएकी परदेशी पाठवायचं ठरवलं आणि मुलाच्या वडिलांचा निरोप आला: पुढच्या रविवारी घरातल्या घरात उरकून घेऊ, तुमच्याकडून जमतील तेवढे या.

इथे आमच्या माहेरची रीत सांगायला हवी. आमचं माहेर कोकणातलं, घरामागे सुपारीची बाग. आमच्यात मुलीचं लग्न ठरलं असं केव्हा म्हणायचं? अंगठी घातल्यावर नाही, याद्या झाल्यावर नाही. देवापुढे मुलीच्या आईने सुपारी फोडली की. तीही मुलीच्या आजोळच्या अडकित्त्याने. माझी फोडली ती आईने, ताईची फोडली ती आईने, आणि तो अडकित्ता आईने ताईला दिला, थोरली म्हणून. साधा, काळ्या लोखंडाचा, ना मोर ना पोपट, दांड्या हाताने झिजून गुळगुळीत झालेल्या. भाऊजींच्या अडतीसांत दिसायला तो सगळ्यांत गरीब. आई नसेल तर सुपारी फोडायचा मान मावशीचा. म्हणजे माझा. आणि माझा हात अडकित्त्याला असा की भाजी चिरतानासुद्धा आमचे हे म्हणतात, "जरा जपून, बोटं मोजून ठेव."

भाऊजींनी मला शिकवायला घेतलं. त्या आठवड्यात मी मानपाडा रोडवरच्या आमच्या घरातून रोज दुपारी खोपट गाठायची. "सुमन, सुपारी दाबायची नाही, तिला पटवायची," ते सांगायचे. माझ्याकडून सुपारी पटायची नाही, उडायची. एक खिडकीतून डेपोत गेली, एक पाण्याच्या पिंपात. चौथ्या दिवशी मी रडकुंडीला येऊन म्हटलं, "भाऊजी, तुम्हीच फोडा ना. तुमच्याइतकी कोणाला येते?" त्यांनी नवी सुपारी माझ्यापुढे ठेवली. म्हणाले, "मला येते म्हणून काय झालं? ती असती तर तिने फोडली असती. तिच्या माहेरचंच माणूस हवं." मग मी डोळे पुसले आणि पुढची सुपारी उचलली.

रेल्वेचं रिझर्वेशन मिळेना, तेव्हा भाऊजींनी विमानाची दोन तिकिटं काढली. आमच्या ह्यांच्या शाळेत परीक्षा चालू, त्यामुळे जाणार आम्ही दोघंच. दोघांनीही तोवर विमान बघितलं होतं ते गच्चीतून. शनिवारी विमानतळावर पोचलो. माझ्याकडे बॅग, त्यांच्याकडे बॅग, शिवाय त्यांच्या खांद्याला एक खाकी पिशवी, चांगलीच वजनदार. मोठ्या बॅगा तिकिटाच्या काउंटरवर घेतल्या. ती पिशवी मात्र त्यांनी छातीशी धरून ठेवली. "खालच्या डिकीत टाकतात म्हणे," मला हळूच म्हणाले, "हरवली तर?" मी म्हटलं, बरोबर आहे, आईचा अडकित्ता आहे, जवळच असू दे. मला काय माहीत आत आणखी दहा आहेत! हा पठ्ठ्या अकरा अडकित्ते घेऊन निघाला होता. व्याह्यांना दाखवायला. "आणि त्या एकट्याला एवढ्या लांब कसा पाठवायचा," हे वर.

तपासणीच्या जागी एक पट्टा सरकत होता, त्यावर पिशव्या ठेवायच्या आणि त्या एका पेटीतून पलीकडे जायच्या. भाऊजींची पिशवी पेटीत गेली आणि पट्टा थांबला. पडद्यासमोर बसलेला शिपाई पुढे झुकला. मग त्याने दुसऱ्याला बोलावलं. दुसऱ्याने तिसऱ्याला. पडद्यावर काय दिसत होतं ते मला लांबून दिसलं: पोपट, मोर, हंस, घोडा, नवरा-बायको, आणि सगळ्यांच्या पोटात एकेक पातं. जत्राच भरली होती. तेवढ्यात त्यांचे साहेब आले. उंच, मिशीवाले, उत्तरेकडचे. पिशवी टेबलावर रिकामी झाली.

"ये क्या है?"

"अडकित्ते," भाऊजी म्हणाले. साहेबांच्या चेहऱ्यावर काही उमटेना. शेजारी एक मराठी पोलीसबाई उभी होती, तिने सांगितलं, "सरौता, साहेब. सुपारी काटने का."

"वो तो दिख रहा है. ग्यारह? दुकान है आपकी?"

"दुकान नाही. शौक है."

"पान बहुत खाते हैं?"

"कधीच नाही," भाऊजी ताठ मानेने म्हणाले. "जिंदगी में एक बार भी नहीं खाया."

खरं बोलून माणूस अडचणीत येतो तो असा. पान खाणाऱ्याजवळ एक सरौता सापडला तर त्यात नवल नाही. पण पानाला न शिवणारा माणूस अकरा सरौते घेऊन विमानात कशाला चढतो, याचं उत्तर साहेबांपाशीच काय, माझ्यापाशीही नव्हतं. भाऊजींना वाटलं, दाखवल्याशिवाय यांना कळणार नाही. त्यांनी खिशातून सुपारी काढली, मोराचा अडकित्ता उचलला आणि कोणी काही म्हणायच्या आत कातरायला सुरुवात केली. झर झर झर झर. टेबलावर पापुद्र्यांचा ढीग. शिपाई बघतायत, मागच्या रांगेतले लोक माना उंचावून बघतायत. एका पंजाबी आजींनी तर पुढे होऊन चिमूट उचलली आणि तोंडात टाकली. "वाह जी!" साहेबांच्या हातावर भाऊजींनी एक पापुद्रा ठेवला. "इसमें से देखो. उजेड दिसतो." साहेबांनी तो दिव्याकडे धरून खरंच बघितलं! मला वाटलं, जिंकलो.

साहेबांनी पापुद्रा टेबलावर ठेवला. "बहुत बढ़िया हाथ है आपका. और धार भी. इसीलिए एक भी अंदर नहीं जाएगा."

भाऊजींचा चेहरा उतरला. मोठ्या बॅगा केव्हाच गेल्या होत्या, काउंटर बंद झाला होता. वरून आमच्या विमानाची घोषणा झाली. रांगेतला एक तरुण म्हणाला, "अंकल, छोड़ दो ना, फ्लाइट जाएगी." भाऊजी पिशवी धरून उभे. मी बघतच राहिले, कारण हे माणूस विमान सोडेल पण पिशवी सोडणार नाही, अशी माझी खात्रीच होती. ते म्हणाले, "साहेब, उद्या मुलगी की सुपारी है..." पोलीसबाई दचकून पुढे आली. "काका, तो शब्द इथं एवढ्या मोठ्यानं नका म्हणू! या, इकडं बाजूला या. काय आहे ते नीट सांगा मला."

भाऊजींना सांगता येईना. मग मीच सांगितलं. बहीण नाही, तिची मुलगी, आईचा अडकित्ता, उद्या सकाळचा मुहूर्त, सगळं. पोलीसबाईने अर्ध्यातच हाताने थांबवलं. "कळलं, मावशी. आमच्यात पण हाय. आजी गेल्यावर माझ्या चुलत्यांत भांडणं झाली ती जमिनीवरून नाही, अडकित्त्यावरून." ती साहेबांकडे गेली. दोघांचं काय बोलणं झालं ऐकू आलं नाही, पण साहेब दोनदा आमच्याकडे बघून गेले. मग एक जाड खाकी पाकीट घेऊन आले. म्हणाले, यात घालून लाखेचं सील मारतो, विमानातल्या माणसांकडे देतो, दिल्लीला उतरल्यावर तुमच्या हातात मिळेल. "लेकिन इस लिफ़ाफ़े में एक ही आएगा. बाक़ी यहीं रहेंगे. चुन लीजिए, जल्दी."

दुकानात रुमाल निवडायलासुद्धा अर्धा तास घेणारे भाऊजी. मला वाटलं, गेलं विमान. पण त्यांचा हात मोरावरून, हंसावरून, नवरा-बायकोवरून सरळ पुढे गेला आणि आईच्या काळ्या अडकित्त्यावर पडला. इकडे-तिकडे बघितलंसुद्धा नाही. उरलेले दहा पोलीसबाईने आपल्या कपाटात ठेवले आणि कागदावर तशी पावती लिहून दिली. 'चिमणी एक, घोडा एक' असं करत करत. ते दहाही परतताना नीट मिळाले, हे आत्ताच सांगून टाकते, नाहीतर तुमचा जीव त्यांच्यातच अडकून राहायचा. फक्त मोराची धार थोडी गेलेली होती. भाऊजींनी पात्यावरून अंगठा फिरवला, साहेबांकडे बघितलं. साहेबांनी मिशीवरून हात फिरवला.

पण त्या दिवशी विमानात मात्र भाऊजी दोन तास खिडकीबाहेर बघायचं सोडून पुढच्या पडद्याकडे बघत बसले होते, कारण पाकीट त्या पडद्यापलीकडे नेलं होतं. हवाई सुंदरी ट्रे घेऊन आली की विचारायचे, "बरा आहे ना?" तिला वाटलं, जेवणाबद्दल विचारतायत. म्हणाली, "येस सर." तेवढ्यावर यांची पुढची वीस मिनिटं निघायची. दिल्लीला उतरल्यावर सील फोडून पाकीट हातात आलं तेव्हा कुठे त्यांनी पाणी मागितलं.

रविवारी सकाळी मुलाच्या घरी देवापुढे पाट मांडला होता. मंजू ताईची हिरवी पैठणी नेसली होती, मागून बघितलं तर काळजात चर्र व्हायचं. गुरुजींनी सुपारी माझ्या हातावर ठेवली. मी अडकित्ता घेतला. एवढी सगळी माणसं बघत होती, पण मला ऐकू येत होतं ते एकच, "दाबायची नाही, पटवायची." डोळे मिटले. खट् असा एक आवाज झाला. उघडून बघते तो सुपारीची दोन सारखी भकलं ताम्हनात, कुठे चुरा नाही, कुठे काही नाही. व्याह्यांच्या घरातल्या बायका म्हणाल्या, "किती सराईत हात आहे!" मी हसून मान खाली घातली. सराईत हात कोणाचा होता ते मला माहीत होतं. आदल्या रात्रभर त्या पात्यावर तो फिरला होता. वर बघितलं तर भाऊजी खोलीत नव्हते. बाहेर गॅलरीत, पाठमोरे, जास्वंदीच्या कुंडीतली वाळलेली पानं खुडत उभे होते. मंजू उठून त्यांच्याकडे गेली. बराच वेळ दोघंही आत आली नाहीत, आणि आम्हीही कोणी हाक मारली नाही.

निघताना त्यांनी तो अडकित्ता मंजूच्या हातात दिला. "अहो बाबा, मला कुठे येतं?" ती म्हणाली. "आत्ता नाही आलं तरी चालेल. पण असू दे. पुढेमागे तुला लेक झाली तर तू फोडशील," एवढंच म्हणाले. दिल्लीच्या विमानतळावर परत तोच पट्टा, तीच पेटी. रिकामी खाकी पिशवी आत गेली आणि पलीकडून तशीच बाहेर आली. शिपायाने न बघताच पुढे ढकलली. भाऊजी तिथेच थांबले. "एकदा नीट बघा की," असं त्यांना म्हणायचं होतं बहुतेक.

विमान वर चढलं. या खेपेला त्यांनी खिडकीची जागा मागून घेतली होती. खाली ढग, अगदी पिंजलेल्या कापसासारखे, आणि वर नुसतं ऊन. भाऊजी माझ्याकडे न बघताच म्हणाले, "सुमन, तुझ्या ताईला कळवायला हवं होतं गं. झालं सगळं नीट म्हणून."

मी म्हटलं, "मग कळवा की. एवढ्या वर पुन्हा कधी येणार आपण?"

मला वाटलं, हसतील. पण त्यांनी मान हलवली, कपाळ काचेला टेकवलं आणि हळू आवाजात बोलायला लागले. काय बोलत होते ते इंजिनाच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. मीही कान दिला नाही. मुंबई येईपर्यंत त्यांचं बोलणं चाललं होतं.